तुमच्या साक्षीतला माझा हात

अहो, तुम्हाला मातीत ठेवून आज नववा दिवस. दीर म्हणत होते जाळायचं, पास्टर म्हणत होते पुरायचं, आणि तुम्ही त्या दोघांच्या मधे ओसरीवर गप्प पडून होतात. घरातल्या भांडणात तुमचा आवाज नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. शेवटी कालव्याकडच्या पट्टीत खड्डा घेतला. तिथं यंदा ऊस नव्हता ते बरं झालं, नाहीतर दिरांनी उसाचंही कारण काढलं असतं.

येत्या रविवारी बारामतीला तुमच्या नावाची प्रार्थना आहे. पास्टर परवा अंथुर्ण्याला येऊन सांगून गेले, की ताई, दोन शब्द तुम्ही बोला, तुमच्याइतकं त्यांना कोणी ओळखलं नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझी ही सवय तुम्हाला ठाऊक आहे, शेवटचे दोन महिने तुम्ही तिच्यापायी फार सोसलंत. म्हणून आधी तुमच्याशी बोलते, मग त्यांच्याशी काय बोलायचं ते बघेन.

भेटायला येणारे म्हणतात, देवमाणूस गेला. मी मान डोलावते. देवमाणूस तुम्ही शेवटची सहा वर्षं होतात. त्याआधीची एकवीस वर्षं माझ्याकडे आहेत, ती कोणी मागायला येत नाही.

तुम्ही बदललात ते खोटं नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी तुम्हाला बरंच बोलणार आहे. काविळीनं डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता एक घोट घेतला तर बायकोला पांढऱ्या कपाळाची तयारी करायला सांगा. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांची बायको रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून डोळे मिटून पुटपुटायची. तुम्ही तिची टिंगल करायचात. मग ते म्हातारे गेले. तिसऱ्या दिवशी ती बाई परत आली, हातात डबा घेऊन. आम्हाला वाटलं काही राहिलं असेल न्यायचं. तर तिनं डबा तुमच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “माझा माणूस गेला, पर डबा करायची सवय जायना. तुमी खावा.” मग तुमच्या डोक्यावर हात ठेवून तिचं ते पुटपुटणं सुरू झालं. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून रडायला लागलात. मी तुम्हाला रडताना पाहिलेलं नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटलं नाही. माझ्यासाठी जे डोळे कधी ओले झाले नाहीत, ते एका परक्या बाईच्या मेथीच्या भाजीनं झाले, याचा मला संताप आला.

घरी आल्यावर तुम्ही त्या बाईच्या मंडळीत, बारामतीला पास्टरांच्या प्रार्थनेला, जायला लागलात. बाटली गेली, शिव्या गेल्या, हात उगारणं गेलं. डेअरीवर लोक म्हणायचे, करून करून भागला अन् देवपूजेला लागला, आणि तोही दुसऱ्याच्या देवाच्या. तुम्ही हसून दुधाची किटली उचलायचात. जो माणूस बांधावरून भाऊबंदांच्या डोक्यात दगड घालायला निघायचा, त्याला आता कोणी टोमणा मारला तर तो ‘व्हय व्हय, खरं हाय’ म्हणायचा. मी वाट बघत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मला वाटायचं. वर्ष गेलं, पीळ दिसेना.

आणि मग ते वेणीचं. सुरेखाचं लग्न होऊन ती कन्हेरीला गेल्यापासून माझी वेणी घालणारं कोणी नव्हतं. माझं उजवं मनगट वळत नाही, मी डाव्या हातानं कसाबसा बुचडा बांधायचे. एका सकाळी तुम्ही मागं येऊन बसलात आणि फणी काढून घेतलीत. गुरांची दावी वळणारा हात तो, पेड इतके घट्ट पडायचे की दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मिशीवाला बाप्या बायकोची वेणी घालतोय. पोरं कुंपणाशी उभी राहून खिदळायची. तुम्ही त्यांना हाकललं नाहीत. मला त्या वेण्या आवडायच्या, आणि त्या आवडतात याचा मला राग यायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पण ज्या मनगटामुळं वेणी, ते मनगट तुम्हीच मोडलं होतं. आणि आपलं भांडण तिथंच होतं.

तुमच्या मंडळीत साक्ष देण्याची रीत. ज्याला देवानं बदललं त्यानं सगळ्यांसमोर उभं राहायचं, आपण आधी काय होतो आणि आता काय झालो ते सांगायचं. तुम्हाला ते जमलं. ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानावरचा तो पत्र्याचा हॉल, बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं, आणि तुम्ही मधे. सुरुवात ठरलेली, की मी अंथुर्ण्याचा एक नंबरचा बेवडा. लोक हसायचे. मग गटारात पडलेलो, बैल विकून प्यालेलो, पोरीच्या पायातलं चांदीचं वाळं मोडलेलं. मग तुमचा आवाज खाली यायचा. “एकदा तर दारूच्या नशेत मी माझ्या लक्षुमीचा हात मोडला. सैतान हुता माझ्या अंगात.” एवढं बोलून तुम्ही बायांच्या बाजूला बघायचात, सगळा हॉल बघायचा, आणि मी हात वर करायचे. वाकडं मनगट दिसायचं. बाया चुकचुकायच्या, कोणी डोळे पुसायचं, कोणी प्रभूची स्तुती असो म्हणायचं. पहिल्यांदा मी नकळत वर केला. नंतर तो कार्यक्रमातच धरला गेला.

तुमच्या साक्षीनं काही घरं वाचली, हेही खरं. इंदापूरचा तो रिक्षावाला, निमगावचे दोघे भाऊ, यांनी तुमचं ऐकून बाटली सोडली. त्यांच्या बायका माझे हात हातात घ्यायच्या, तो वाकडा हात जास्त वेळ धरायच्या. त्यामुळं माझ्या तोंडाला आणखी कुलूप.

कारण हात मोडला त्या दिवशी तुम्ही प्यालेले नव्हतात.

सोमवार होता. इंदापूरच्या एका बाईंनी शाळांच्या गणवेशाचं काम धरलं होतं आणि त्यांना कॉलर बसवणारी बाई हवी होती. माझ्या कॉलरला सुरकुती पडत नसे, हे साऱ्या आळीला माहीत होतं. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. तुम्ही नको म्हणालात. मी आठ दिवस गप्प राहिले आणि रविवारी सांगितलं, की मी उद्या जाणार. सकाळी तुम्ही आंघोळ केलीत, चहा प्यालात. बशी उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवलीत, फुटू नये म्हणून. मग कोपऱ्यातला खोऱ्याचा दांडा घेतलात, माझा हात उंबऱ्यावर दाबलात. दोनदा. सुरेखा सात वर्षांची, दप्तर पाठीला लावून बघत होती. दांडा जागच्या जागी ठेवून तुम्ही म्हणालात, “आता जा इंदापूरला.”

हाडवैद्यानं कळकाच्या कामट्या बांधल्या, हाड वाकडंच बसलं. कात्री पुन्हा हातात बसली नाही. शिलाईचं मशीन वर्षभर चादरीखाली राहिलं, मग तुम्हीच ते विकलंत. ते मात्र दारूसाठी.

आता माझं सांगते. चार दिवसांनी कोऱ्हाळ्याहून दादा आला, मला घेऊन जायला. भाऊ कडक, त्यानं विचारलं नेमकं काय झालं. आणि मी म्हणाले, “पेलेले हुते रे. शुद्धीत न्हवते.” तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होतात. मी हे तुमच्यासाठी बोलले असं तुम्हाला वाटलं असेल. तुमच्यासाठी नव्हतं. आपल्याकडं प्यालेल्यानं बायको मारली तर लोक बाईला बिचारी म्हणतात. शुद्धीतल्या माणसानं मारली तर विचारतात, बाईनं केलं काय असं? दादानंही तेच विचारलं असतं. मला बिचारी होणं परवडणारं होतं, दुसरं नव्हतं. दादा तुम्हाला शिव्या घालून परत गेला, मला चार दिवस माहेरी येऊन जा म्हणाला. ती खोटी गोष्ट अशी माझ्या तोंडून निघाली, आणि पंधरा वर्षांनी तुमच्या साक्षीत जाऊन बसली. मंडळीसमोर दारूनं ते केलं, सैतानानं केलं. तुम्ही आपले त्यांना नुसती अंगात जागा देणारे.

पहिल्यांदा मी बोलले ते वेणी घालतानाच. तुमचं तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही चहा प्यालात, बशी आत सरकवली. तुमचे हात थांबले. तुम्ही म्हणालात, “मला तसं आठवत न्हाय गं.” मग उरलेले पेड घातलेत, रिबीन बांधलीत, आणि उठून गोठ्यात गेलात. तुम्हाला आठवत होतं. न आठवणारा माणूस विचारतो, कसली बशी.

पुढची तीन वर्षं आपण त्यावरच भांडलो. आधी तुम्ही म्हणालात, तूच दादाला तसं सांगितलंस. बरोबर होतं. मग म्हणालात, देवाला सगळं ठाऊक हाय, त्यानं माफ केलंय, आता उकरायचं कशाला. त्यावर मी जे बोलले ते तुम्हाला लागलं. मी म्हणाले, हात माझा मोडला की तुमच्या देवाचा? मला न विचारता परस्पर माफी कशी झाली? तुम्ही पास्टरांकडं गेलात, आणि त्यांनी सांगितलं ते मला येऊन सांगितलंत, की दारू सोडणारी माणसं तुमच्याकडं बघून सोडतायत, त्यांच्या मनात गोंधळ नको. घरात सांगा, देवापुढं सांगा, हॉलमधे कशाला. मला ते पटलं नाही. खोटं हॉलमधे सांगता, तर खरंही हॉलमधेच सांगा. पुढच्या साक्षीत तुम्ही मान वळवून बघितलंत, तेव्हा मी हात मांडीवरच ठेवला. हॉल थांबून राहिला. तुम्ही घाम पुसून पुढं गेलात.

मला माफी मागायला लावायची नव्हती हो. माफी तुम्ही रोज मागत होतात, केस विंचरत, भाकरी थापत, माझ्या आधी उठून चूल पेटवत. पण ती प्यालेल्या माणसानं केलेल्याची होती. ज्यानं बशी जपून ठेवली आणि हात मोडला, त्या माणसानं माझ्याकडं काही मागितलंच नव्हतं. तो माझ्या घरात कुठंतरी लपून राहिला होता, आणि वेणी घालणारा माणूस त्याला पाठीशी घालत होता.

मग लिव्हर पुन्हा बिघडलं. या खेपेला डॉक्टरांनी औषध दिलं आणि आशा दिली नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी तुम्ही मला न सांगता उभे राहिलात. हातात काठी होती. बेवड्याची गोष्ट तुम्ही सांगितलीच नाहीत. म्हणालात, “मी आजवर तुमाला एक लबाड बोललो. हिचा हात मोडला त्या दिवशी मी पेलेलो नव्हतो. अंघूळ केलेली, चा पेलेलो. हिला कामाला जायाचं हुतं, म्हणून मोडला. माझ्या अंगात सैतान-बितान कोण नव्हता. मीच हुतो.” आणि बायांच्या बाजूला न बघता खाली बसलात.

स्तुती असो असं कोणी म्हटलं नाही. माझ्या शेजारच्या बाईनं पदर सावरला आणि थोडी सरकून बसली, तुमच्यापासून की माझ्यापासून ते कळलं नाही. पास्टरांनी घाईनं गाणं सुरू केलं. प्रार्थना सुटल्यावर चहा असतो, सगळे तुमच्याभोवती गोळा होतात. त्या दिवशी तुम्ही भिंतीशी एकटे उभे होतात. बेवड्याला त्या सगळ्यांनी मिठ्या मारल्या होत्या, शुद्धीतल्या माणसाला कोणी कप आणून दिला नाही. निमगावच्या भावांनी मान दुसरीकडं केली. तुम्हाला त्यानंतर साक्षीला कोणी बोलावलं नाही. पास्टर घरी दोनदा येऊन गेले, हे खरं, पण दोन्ही वेळा त्यांनी पावसापाण्याचंच बोलून घेतलं.

एवढं तुम्ही माझ्या मागण्यावरून घालवलंत. ज्या माणसांनी तुम्हाला नव्यानं माणूस म्हटलं होतं, तीच गेली. मी म्हणायचे तुमचं काळीज बदललं ते वरवरचं आहे, लोकांच्या वाहवेवर पोसलेलं. वाहवा संपली तरी ते बदललेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काठी टेकत आलात आणि फणी मागितलीत. हाताला जोर नव्हता, वेणी सैल पडली, पहिल्यांदा माझं कपाळ दुखलं नाही.

त्या रविवारी परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी होतात. बारामती मागं पडल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, “आता?”

मी म्हणाले, “बघू.”

तुम्ही मान हलवलीत, जणू मी रास्तच बोलले. मग रोज तुम्ही माझ्याकडं तसं बघायचात. तोंडानं क्वचित विचारायचात. मी पाणी द्यायचे, औषध द्यायचे, पाठ पुसायचे, अंथरूण बदलायचे, आणि माफीचा तो एक शब्द देत नव्हते. सुरेखा येऊन राहिली होती, तिच्या लक्षात आलं. ज्या पोरीनं दप्तर पाठीला लावून ते सगळं पाहिलं होतं, ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, “आई, म्हण की गं एकदा. मरतोय माणूस. त्यांचा पीळ गेला, तो तुझ्यात येऊन बसलाय.” मी तिला म्हटलं, तू मधे पडू नको. माझं मन अजून तयार नाही म्हणून सांगितलं. तिनं ते खरं मानलं. तुम्हीही मानलं असणार.

गुरुवारी दुपारी सुरेखा दळण आणायला गेली होती. मी तुमच्या खाटेशेजारी गहू निवडत बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि अगदी हलक्या आवाजात म्हणालात, “अगं, अजून बघतीयास का?” आवाजात राग नव्हता. एसटी लागली का, असं विचारावं तसं विचारलंत. मी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग दुसरा काढला. सुरेखा परत आली तेव्हा तुम्ही नव्हतात.

तिनं मला विचारलं, शेवटी काही बोलले का. मी म्हटलं, बोलले असतील, मला ऐकू आलं नाही.

ऐकू आलं होतं. आणि माझं मन तयार नव्हतं हेही खोटं. मन त्या रविवारीच मोकळं झालं होतं, एसटी बारामतीच्या बाहेर पडायच्या आत. तुम्ही “आता?” विचारलंत तेव्हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो मी गिळला, कारण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते देणं न देणं माझ्या हातात होतं. ते फार गोड लागलं. उद्या देऊ, परवा देऊ, असं करत मी तुम्हाला दोन महिने टांगून ठेवलं. तुमची तडफड मला दिसत होती. मी स्वयंपाक करत होते, कपडे धूत होते, शेजारणीशी हसत होते, आणि रोज सकाळी उठून ठरवत होते की आजही नाही.

रविवारी मी हॉलमधे उभी राहीन. तुम्ही कसे होतात ते त्यांनी तुमच्याच तोंडून ऐकलंय, मी वेगळं काय सांगू. मी त्यांना गुरुवारची दुपार सांगणार आहे. सांगेन की माणूस दारात उभा राहून मागत होता, आणि माझ्याकडं ते होतं, आणि मी दिलं नाही. कुणी विचारलंच, की ताई, दुःखात होतात का, रागात होतात का, तर नाही म्हणून सांगेन. जेवून, भांडी घासून, गहू निवडत बसले होते. शुद्धीत होते.